न खाणारा उजेड

म्हाळू, तू चावडीच्या जमिनीवर पडलास आणि मी त्या वायरमन पोराच्या थोबाडीत मारली, या दोन गोष्टींच्या मधे विडी शिलगावण्याइतकाही वेळ गेला नाही. तुला उचलायच्या आधी माझा हात त्याच्यावर उठला. त्याच्या आधीचं सगळं तुला ठाऊक आहे. हे तू गेल्यानंतरचं आहे, म्हणून आधी तेच सांगितलं.

आज तुला जाऊन बारा दिवस झाले. गावात जो येतो तो तुझं कौतुक करतो. कसा शांत होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मेल्यावर प्रत्येकाची गरीब गाय होते म्हणा. तू कसला शांत! मारका बोकड होतास तू. माझ्या डाव्या भुवईवरची खूण तुझी, आणि तुझ्या मानेवरचा भाजल्याचा डाग माझा. पंचवीस वर्षं आपण एकमेकांना बदडत आलो आणि बहुतेक वेळा कारण एकच असायचं. उजेड कशाचा होतो?

पहिली मारामारी आठवते? तुम्ही धनगर लोक मेंढरं घेऊन खतासाठी आमच्या खाचरात बसवायला आला होतात. भर दुपारी तू मला घोंगडीखाली ओढलंस आणि दोन पांढऱ्या गारगोट्या एकमेकींवर घासल्यास. दगडाच्या पोटात पिवळसर उजेड हलला. जळक्यासारखा वास आला. मी म्हणालो, ठिणगी आहे ती. तू म्हणालास, "ठिनगी भाजती. ही भाजती का? लाव बोट." मी लावलं नाही. तू माझा हात धरून ओढलास, मी गारगोटी उचलून तुझ्या अंगठ्यावर हाणली, नख फुटलं. घोंगडीतून दोघंही बाहेर आलो ते रक्त पुसतच. त्यानंतर मी तुला सोडून राहिल्याचं मला आठवत नाही.

मग तो वळीव. तुझ्या बापानं कळप ऐनाच्या झाडाखाली गोळा केला आणि वीज त्या झाडावरच आली. मी बांधावरून पाहत होतो. झाड आतून फुटलं, सालीच्या ढलप्या भाल्यासारख्या उडाल्या, एक तुझ्या बापाच्या मांडीत घुसली. मेंढरं उभी होती तिथंच आडवी झाली, निम्मा कळप, लोकरीतून धूर निघत होता. पावसात भिजलेल्या लोकरीतून धूर! तू मेलेल्या मेंढीच्या पोटात लाथा घालत होतास, उठ म्हणून. तुझा मोठा भाऊ धोंडू तुला धरायला आला तर त्यालाही चावलास.

त्या साली उरलेली मेंढरं धोंडूनं सांभाळली आणि तू माझ्याकडे भाड्याच्या गॅसबत्त्या वाहायला आलास. लग्नं, वराती, उरुस, तमाशे. रिह्याच्या खिंडीतून डोक्यावर पेटती बत्ती घेऊन तू असा चालायचास की तिची काच हलायची नाही. कामात तू माझ्यापेक्षा हुशार होतास, हे मी तुला एकदाही म्हणालो नाही. आता म्हणतो. त्याचा काय उपयोग?

एक गोष्ट मात्र मी तुला शिकवली. बत्ती विझवल्यावर काच काढायच्या आधी बोट जिभेला लावायचं आणि ते काचेला टेकवायचं. चर्र झालं तर थांब, नाही झालं तर काढ. माझ्या चुलत्यानं मला शिकवलं, मी तुला. तुला ती खोडच लागली. तव्याला, इस्त्रीला, एसटीच्या इंजिनाला, जे दिसेल त्याला तू ओलं बोट लावायचास. तुझी चिमा म्हणायची, "ह्येंनी माज्या भाकरीला बी थुका लावला." आम्ही हसायचो.

आपला वाद मी लिहूनच ठेवतो, नाही तर माझ्या सोयीनं बदलेन. माझं म्हणणं असं होतं की जळल्याशिवाय उजेड नाही. वात जळते, लाकूड जळतं, बत्तीत रॉकेलची वाफ जळते आणि जाळीची राख लाल-पांढरी तापते. उरुसातल्या कार्बाइडच्या दिव्यात गॅस जळतो. विजेच्या बल्बात तार इतकी तापते की काचेतली हवा काढून घेतली नसती तर ती तेव्हाच खाक झाली असती, हे मला मास्तरांनी सांगितलं होतं. सूर्य तर जळतोयच. तू सगळं ऐकून घ्यायचास आणि मान हलवायचास. "उजेडाच्या दोन कुळी हायेत, शिरप्या. एक खानारा, एक न खानारा."

न खाणाऱ्याच्या बाजूनं तुझ्याकडे साक्षीदारही भारी. मृगाच्या आधी ओढ्याकडेच्या झाडावर काजवे बसायचे आणि अख्खं झाड एकदम पेटायचं, एकदम विझायचं. त्यातला एक धरून तू माझ्या गालाला लावलास. "भाजलं का? बोल की." नव्हतं भाजलं. मी म्हणालो, किडा आहे तो, त्याचं काय सांगतोस. भाद्रपदात एका संध्याकाळी तू वरच्या रानातून कुजक्या लाकडाचा तुकडा पटक्यात बांधून आणलास, दुकानाचं दार लावलंस, जळती बत्ती विझवलीस आणि तो माझ्यासमोर धरलास. हिरवट उजेड. तुझी बोटं दिसत होती त्यात. माझ्या अंगावर काटा आला आणि मला त्याचाच राग आला. मढ्याचा उजेड दुकानात आणतोस, म्हणून मी तो हिसकून बाहेर चिखलात फेकला. तू माझी नवी जाळी लावलेली बत्ती लाथेनं उडवलीस. मी तीच उचलली, आणि तिची तापलेली टोपी तुझ्या मानेला लागली. तो डाग. तू ओरडला नाहीस. एवढंच म्हणालास, "बग, तुजा उजेड खातुया."

दोन महिने तू दुकानात पाऊल टाकलं नाहीस. मग एका वरातीला माणूस कमी पडला आणि तू न बोलावता आलास, बत्ती डोक्यावर घेतलीस आणि निघालास. मी माफी मागितली नाही, तूही वाट पाहिली नाहीस.

धरणाच्या पाण्यावर झालेली वीज आपल्या डोक्यावरच्या तारांतून मुंबईला जात होती आणि खाली आपण बत्तीला पंप मारत बसलो होतो, हे किती वर्षं चाललं. अखेर गावात खांब आले. माझा धंदा बुडणार हे सगळ्यांना कळत होतं, तुला माझ्या आधी कळलं. पण तू पौडाहून पळत आलास ते वेगळ्याच गोष्टीसाठी. तिथं एका दुकानात तू ट्यूबलाइट पाहिली होतीस. "तार न्हाई आत! निस्ती पांडरी नळी. न खानारा हाय, शिरप्या, काजव्याच्या कुळीचा!" मी विचारलं, हात लावलास? तुझं तोंड उतरलं. "लई उंच व्हती. दुकानदारानं हाकाललं."

म्हणून चावडीत ट्यूब बसणार म्हटल्यावर तू सकाळपासून तिथं. बाहेर कमानीचे बांबू रोवले होते, नारळ आणला होता, हलगी होती, पुढारी यायचे होते. बायांनी चावडी धुऊन काढली होती, जमीन ओली होती आणि तू अनवाणी. वायरमन मोहन, पुण्याचा, कोवळा, मिशीही धड फुटलेली नाही. त्यानं वर चढवायच्या आधी ट्यूब खालीच, छातीएवढ्या उंचीवर फळीला टेकवून जोडली होती. ती लागेना. मधे नुसती फडफडायची आणि दोन्ही टोकं लाल राहायची. एका टोकाची पितळी पिन खोबणीतून अर्धी बाहेर आली होती. मोहन म्हणाला, "हात लावू नका कोणी. मी मेन बंद करून येतो." आणि ओटीवर गेला. आत आपण दोघंच.

तू बोट जिभेला लावलंस. मी पाहत होतो. तू ते ट्यूबच्या मधोमध टेकवलंस आणि थांबलास. चर्र झालं नाही. तुझा चेहरा असा उजळला, म्हाळू, की मला तो बघवेना. "थंड हाय रं! थंड हाय!"

मी हरलो होतो. पंचवीस वर्षांचा वाद, धंदा, सगळंच त्या एका बोटाखाली गेलं. माझ्या तोंडून निघालं, "मधी काय लावतुयास? टोकाला बग, निखारा हाय. खातुया की. टोकाला लाव बोट."

तू पुन्हा बोट ओलं केलंस.

तू ओरडला नाहीस. तुझं अंग ताणलं गेलं, दात वाजले, ट्यूब फळीवरून सुटून तुझ्या पायाशी फुटली. काच, पांढरी भुकटी. तू पडलास तेव्हा डोकं आधी आपटलं. मोहन मेन पाडून धावत आत आला आणि मी त्याच्या थोबाडीत मारली. "ह्येनं मारला! मेन चालूच ठिवला ह्येनं!" हे मीच ओरडलो. बाहेरचे आत घुसले. कमानीचे बांबू उपटले गेले. नारळ त्याच्या खांद्यावर बसला. एकानं त्याला खाली पाडलं, आणि मग तो मला दिसलाच नाही, नुसत्या पाठी आणि खाली-वर होणारे बांबू. तो "आई" म्हणत होता. मग तेही म्हणेना. अंधारून आलं होतं. कुणीतरी ओरडलं, "शिरपा, बत्ती आन!" मी दुकानात गेलो, पंप मारला, बत्ती लावली. त्या उजेडात मी तुझा चेहरा पाहिला आणि मग त्याचा. तुझा ओळखू येत होता.

जमादार आला तेव्हा पहिला जबाब माझा. वायरमन मेन चालू ठेवून, काही न सांगता बाहेर गेला. खाली माझी सही. त्या रात्रीपासून गावात माझ्या बत्त्या पुन्हा लागल्या. खांब तोडून टाकायचे असं ठरू लागलं. लोक माझ्या पाठीवर हात ठेवायचे, दोस्त गेला म्हणून.

पाचव्या दिवशी मी पुण्याला गेलो. कशाला, ते मलाही सांगता आलं नसतं. मोहन मेला का जगला एवढं बघावं म्हणून असेल. दवाखान्यात त्याचा जबडा तारेनं बांधलेला, एक डोळा बंद. शेजारी त्याची आई. मी गावाहून आलो म्हटल्यावर तिला वाटलं, कुणी भला माणूस विचारपूस करायला आलाय. तिनं थर्मासमधला चहा मला दिला आणि मी तो प्यालो, म्हाळू. ती कप विसळायला बाहेर गेली तेव्हा तो दातांच्या फटीतून बोलला. "पहिला हात तुमचा होता."

मी मान डोलावली.

"मला एक सांगाल? आत तुम्ही होतात. मी बोललो होतो का, हात लावू नका म्हणून? का नुसतं मनात आलं होतं?" त्याच्या उघड्या डोळ्यातून पाणी येत होतं. "मला आठवतच नाही. रोज आठवतो. बोललो नसेन तर मीच मारलं त्यांना."

त्याला मारताना मला काही झालं नव्हतं. हे मात्र ऐकवेना. मी म्हणालो, बोललास. स्पष्ट बोललास. मी ऐकलं. तो किती तरी वेळ रडला, आणि जबडा बांधलेला माणूस रडतो ते दिसायला फार वाईट असतं. मग मी निघताना त्याला विचारलं. लाज वाटते सांगायला, पण विचारलं. ट्यूब थंड असते का रे? तो म्हणाला, "मधे कोमट. आतली वाफ विजेनं चेतते आणि काचेला लावलेली भुकटी त्यानं उजळते, ती जळत नाही. टोकाला तार असते, ती तापते." ऐकलंस? दोघंही बरोबर होतो. मधे तुझी कुळी आणि टोकाला माझी.

हे तुला सांगायला पळत यावं असं वाटलं. एसटीत बसल्यावर कळलं की सांगायचं कुणाला.

गावात आलो तो सरळ तुझ्या घरी. तुला ठेवलं होतं त्या जागी पिठावर दिवा तेवत होता, चिमा त्याच्याजवळ बसली होती. मी पाटावर बसलो नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं. टोकाला लाव म्हणालो ते, जबाब, सही, सगळं. म्हटलं आता ही किंकाळी फोडेल, धोंडू धावत येईल, मला फाडून खाईल. तिनं दिव्याची वात पुढं सारली.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "म्या धुतलं न्हवं का त्येस्नी? सगळं अंग चांगलं आन एकच बोट काळं, उजव्या हाताचं. थुका लावायचं बोट. मला काय कळंना व्हय?"

मी म्हणालो, मग बोलली का नाहीस?

"तुमी बोलाल म्हून." मग ती वळली, आणि तिचा आवाज चढला. "बोट त्येंचं, हट्ट बी त्येंचा. तुमचं निस्तं त्वांड हाय, त्येची सजा तुमी आन द्येव बघून घ्या. पर त्या पोराला मारलं त्ये हात तुमचं हायेत, भावजी. तुमी मारलं आन म्या गप ऱ्हायले. माज्या दारात त्येचं रगात नगं. जमादार परत आला की गावापुढं बोला. न्हाई तर म्या बोलते."

मी मधले दिवस टाळले. ताप आला म्हणून झोपून राहिलो, नव्हता आलेला. चिमा रोज दारावरून जायची, आत बघायची आणि पुढं जायची.

काल जमादार आला. चावडीत सगळं गाव होतं, कोपऱ्यात काच अजून पडलेली. मी पहिला जबाब खोटा आहे म्हणालो. मोहननं बजावलं होतं, मेन बंद करायलाच तो गेला होता, आणि म्हाळूला टोकाला बोट लाव मी म्हणालो. पहिली थोबाडीतही मीच मारली. जमादाराची लेखणी थांबली. मी हात खाली सोडून उभा राहिलो. म्हटलं, आता येतील. बांबू बाहेर पडलेच होते. मला ते हवे होते. त्या पोराला बसले तेवढे मोजून घ्यायचे असं मी रात्रीच ठरवलं होतं.

धोंडू उठला. त्यानं एकच मारली, कानशिलात, आणि मी भिंतीवर गेलो. कानात अजून शीळ वाजते. तो दुसरी मारायला वाकला आणि चार-पाच जणांनी त्याला मागून धरलं. तो शिव्या देत होता, लाथा झाडत होता, तू मेंढीला घालत होतास तशा. त्याला बाहेर नेलं. मग सरपंचांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "जाऊ द्या. झालं त्ये झालं. आपलाच मानूस हाय."

सगळ्यांनी माना हलवल्या. एकानं मला उठवायला हात दिला. त्याच हातानं त्यानं बांबू धरला होता, मी पाहिलं होतं. बाहेर पायरीवर चिमा उभी होती, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या परक्या पोराला मारायला अख्खं गाव धावलं, म्हाळू. मला मारायला एक तुझा भाऊ आला, आणि त्यालाही धरलं. मी तिथं कोपऱ्यात बसून ओरडलो, मारा मला, मारा की! लोकांना वाटलं, दोस्ताच्या दुःखानं याचं डोकं फिरलं. त्यांनी मला पाणी दिलं.